नेरे : भाड्याच्या घराचा खरा हिशेब

पनवेल रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला नवीन पनवेलची वसाहत संपते आणि माथेरानच्या डोंगराकडे जाणारा रस्ता सुरू होतो. सुकापूर आणि आकुर्ली मागे टाकून सात-आठ किलोमीटर गेले की नेरे गाव लागते. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी या परिसरातून वाहत पनवेलच्या खाडीकडे जाते. क्षितिजावर प्रबळगड दिसतो. कुष्ठरुग्णांची सेवा करणारी ‘शांतिवन’ ही संस्था अनेक दशके याच परिसरात कार्यरत असल्याने महाराष्ट्रातील सेवाभावी मंडळींना नेरे हे नाव पूर्वीपासून परिचित आहे. आता मात्र या गावाची चौकशी वेगळ्याच कारणाने होऊ लागली आहे. भातशेतीच्या कडेने तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबईत नोकरी-धंद्यासाठी येणारा, परंतु मुंबईचे भाडे न परवडणारा माणूस घर शोधत शोधत येथपर्यंत येऊन पोहोचतो.

हा माणूस कोण असतो? फलटण, बारामती, सोलापूर किंवा सांगलीकडील एखाद्या व्यापारी कुटुंबातील तरुण असतो. गावच्या दुकानावर दोन भावांचा संसार चालत नाही, म्हणून तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तुर्भ्याच्या घाऊक बाजारपेठेत किंवा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरतो. कोणाची मुलगी कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असते. कोणी नवी मुंबईच्या नव्या विमानतळामुळे निर्माण झालेल्या कामाच्या आशेने येतो. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला होता. परिसराचे महत्त्व वाढले, जागांचे भाव वाढले आणि स्वस्त भाड्याचे घर एकेक गाव पुढे सरकत गेले. त्या सरकत्या सीमारेषेवर आज नेरे उभे आहे.

अशा कुटुंबासमोर प्रश्न एकच असतो : भाडे किती? या प्रश्नाचे उत्तर दलाल एका आकड्यात देतो. व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला मात्र ठाऊक असते की मालाची खरेदी किंमत आणि माल दुकानात येऊन पडेपर्यंतची किंमत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घराच्या बाबतीतही हाच विवेक हवा.

अंतराचे मोल

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, नेऱ्यात एका घराचे मासिक भाडे ७,००० रुपये आहे आणि तेवढ्याच आकाराच्या घराला पनवेल स्थानकाजवळ १२,००० रुपये पडतात. वरवर पाहता दरमहा ५,००० रुपयांची बचत दिसते. आता घरातील कमावता माणूस स्थानकापर्यंत जाण्या-येण्यास रिक्षाला दिवसाचे ८० रुपये देत असेल, तर पंचवीस दिवसांचे २,००० रुपये होतात. महाविद्यालयात जाणारे एक मूल असेल, तर तेवढेच आणखी. बचत १,००० रुपयांवर येते. रात्री उशिरा सामायिक रिक्षा मिळाली नाही आणि चार-पाच वेळा स्वतंत्र रिक्षा करावी लागली, की तीही संपते.

पैशाहून मोठा खर्च वेळेचा आहे. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत हार्बर मार्गाच्या लोकलला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. नेऱ्याहून स्थानकापर्यंतचा प्रवास, गाडीची वाट आणि उतरल्यावर काळबादेवीच्या कापड बाजारापर्यंतची पायपीट धरली, तर एका बाजूचे दोन तास सहज ओलांडतात. म्हणजे दिवसाचे चार तास आणि महिन्याचे शंभर. शंभर तास म्हणजे आठ तासांचे साडेबारा कामाचे दिवस! महिन्यातील एवढे दिवस बिनमोबदला रस्त्याला द्यावयाचे असतील, तर स्वस्त भाडे खरोखर स्वस्त उरत नाही.

याउलट कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा तळोज्यात नोकरी असेल, तर चित्र पालटते. स्वतःच्या दुचाकीने मुंबईच्या गर्दीत न शिरता कामावर पोहोचता येते. अशा कुटुंबाला नेरे परवडते. त्यामुळे घर शोधण्याचा आरंभ घरापासून नव्हे, तर कामाच्या ठिकाणापासून करावा. कामाचे ठिकाण केंद्र मानून पाऊण तासाच्या प्रवासाचे वर्तुळ आखावे आणि त्या वर्तुळात सर्वांत कमी भाडे कोठे आहे, ते पाहावे. वर्तुळाबाहेरील घर कितीही स्वस्त असले, तरी त्याचा मोह टाळावा.

धर्माचरण सांभाळणाऱ्या कुटुंबाला आणखी एक हिशेब मांडावा लागतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबई परिसरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. काळबादेवीत संध्याकाळी दुकान बंद करून निघालेला माणूस वर्षातील कोणत्याही ऋतूत सूर्यास्तापूर्वी नेऱ्याला पोहोचू शकत नाही. ज्याचा चौविहाराचा नियम आहे, त्याला दोन वेळचे भोजन डब्यातून दुकानीच करावे लागेल. मुलांची पाठशाळा आणि वृद्ध आई-वडिलांचे नित्य दर्शन या गोष्टी पनवेल शहरात राहून जितक्या सुलभ, तितक्या गावाच्या टोकाला नाहीत. या अडचणींवर मार्ग निघू शकतात. मात्र ते घर घेण्यापूर्वी योजावेत. घरात सामान लावून झाल्यावर त्यांचा विचार सुरू केला, तर घरातील वृद्धांचा आणि स्त्रियांचा कोंडमारा होतो, कारण दिवसभर त्या घरात तीच माणसे असतात.

इमारतीची विचारपूस

नेरे गाव पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेत पनवेल शहर, सिडकोच्या वसाहती आणि काही गावे आली. नेऱ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील गावांसाठी शासनाने २०१३ मध्ये ‘नैना’ नावाचे क्षेत्र अधिसूचित केले आणि तेथील नियोजनाचे अधिकार सिडकोकडे सोपविले. पनवेल तालुक्यातील अनेक गावे या क्षेत्रात येतात. त्यामुळे अशा गावातील नव्या इमारतीच्या बांधकामाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी असणे आवश्यक ठरते. ‘ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो, म्हणजे इमारत अधिकृत आहे’ हा युक्तिवाद दलाल नेहमी करतात. तो टिकणारा नाही. घरपट्टी हा कर आहे, बांधकामाची मंजुरी नव्हे.

भाडेकरूला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. अनधिकृत इमारतीवर कारवाईची नोटीस लागली, तर मालकाचे घर जाते आणि भाडेकरूची अनामत रक्कम अडकते. शिवाय अशा इमारतींत नळजोडणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि जिन्यातील प्रकाश यांची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नाही. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र या दोन कागदांची मागणी करण्यात संकोच बाळगू नये. मालकाच्या नावाची खात्री वीजबिल, घरपट्टीची पावती आणि खरेदीखताच्या नोंदणीची ‘सूची क्रमांक दोन’ यांवरून करता येते. तिन्हींवर एकच नाव असावे. नाव निराळे असेल, तर घर दाखविणाऱ्यास ते भाड्याने देण्याचा अधिकार कोणत्या कागदाने मिळाला, ते विचारावे.

पाण्याची चौकशी तर दोनदा करावी : एकदा मालकाकडे आणि एकदा त्याच जिन्यातील शेजाऱ्याकडे. कोकणात पाऊस मुबलक पडतो. तरी पनवेल परिसरातील अनेक इमारतींना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. टँकरचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा वाटून घेतला जातो, विंधणविहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे की केवळ वापरण्याचे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते काय, या प्रश्नांची उत्तरे शेजारी खरी देतो. शक्य असल्यास घर एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर पाहावे. रस्त्यावरील दिवे, रिक्षांची उपलब्धता आणि परिसराची सुरक्षितता रात्रीच समजते.

पाव टक्क्याचा कागद

घर पसंत पडले, की करारनाम्याचा विषय निघतो आणि येथेच अनेक सुबुद्ध व्यापारी आपली बुद्धी बाजूला ठेवतात. लाखभर रुपयांचा माल बिलाशिवाय न उचलणारा माणूस शंभराच्या मुद्रांकपत्रावर दोन सह्या करून घराचा ताबा घेतो. ‘ओळखीचेच आहेत’, ‘आपल्याच समाजातले आहेत’ ही त्याची कारणे असतात. ओळख ही व्यवहार सुरू करण्यास पुरेशी असते, परंतु वाद निर्माण झाल्यावर तो मिटविण्यास ती पुरत नाही. उलट, वादात प्रथम बळी जातो तो ओळखीचाच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ज्या शहरांना तो लागू आहे, तेथे कलम ५५ अन्वये भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. गावाच्या हद्दीत घर घेतानाही हाच शिरस्ता पाळण्यात दोन्ही पक्षांचे हित आहे.

या कागदाचा खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के कल्पित व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का आहे. वरील उदाहरणातील ७,००० रुपयांचे भाडे अकरा महिन्यांचे ७७,००० रुपये होते. अनामत २५,००० रुपये असेल, तर तिच्यावरील कल्पित व्याज सुमारे २,३०० रुपये. दोहोंच्या बेरजेचा पाव टक्का म्हणजे जेमतेम २०० रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त हाताळणी आणि मदतनिसाचा मोबदला वेगळा धरला, तरी हा खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या जवळपासही जात नाही. नोंदणी आता संगणकीय पद्धतीने घरबसल्याही होते. दर बदलू शकतात, म्हणून करारापूर्वी ते पाहून घ्यावेत.

अकरा महिन्यांचाच करार का, असा प्रश्न तरुण पिढी विचारते. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची रूढी पडली. नोंदणी करावयाचीच असेल, तर या रूढीला फारसा अर्थ उरत नाही. मुलांची शाळा मध्येच बदलू नये, यासाठी दोन-तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून ठेवणे दोघांनाही सोयीचे ठरते. दर अकरा महिन्यांनी दलालाला द्यावी लागणारी दलालीही त्यामुळे वाचते.

करारात आणखी काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. देखभाल शुल्क कोण भरणार, रंगरंगोटी आणि दुरुस्ती कोणाकडे, मुदतीपूर्वी घर सोडावयाचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, अनामत कोणत्या दिवशी परत मिळेल, हे सर्व लिहावे. घरातील पंखे, दिवे, कपाटे यांची यादी जोडावी आणि ताबा घेताना भिंतींची छायाचित्रे काढून दोघांनी जपून ठेवावीत. भाडे बँकेमार्फतच द्यावे. स्थानिक पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती कळविण्याचे काम मालकाने करावे. ते झाले आहे, याची भाडेकरूने खात्री करावी.

‘हेवी डिपॉझिट’चा मोह

मुंबई परिसरात एक निराळी प्रथा आहे. मासिक भाडे न देता मालकाला काही लाख रुपये एकरकमी द्यावयाचे, करार संपताच तेवढीच रक्कम परत घ्यावयाची. ‘भाडे वाचले’ असे समजून मध्यमवर्गीय कुटुंबे गावाकडील ठेव मोडून ही रक्कम उभी करतात.

हा व्यवहार भाड्याचा नाही. ते मालकाला दिलेले बिनव्याजी आणि बिनतारणी कर्ज आहे. दुकानात एखाद्या अपरिचिताने पाच लाख रुपये बिनतारण मागितले, तर व्यापारी दहा प्रश्न विचारील. येथे मात्र तो एकही विचारत नाही. मालकाने त्या घरावर बँकेचे कर्ज काढलेले असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. मग भाडेकरूला घरही सोडावे लागते आणि रकमेसाठी मालकाच्या मागे फिरावे लागते. गरजू मालक अशी रक्कम कर्ज फेडण्यासाठी वापरतो आणि ती परत करण्यासाठी पुढच्या भाडेकरूच्या पैशांची वाट पाहतो. त्यामुळे माफक अनामत आणि दरमहा भाडे हाच सुरक्षित मार्ग. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या नमुन्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवण्याची मर्यादा सुचविली आहे. तो राज्यांसाठी केवळ नमुना आहे. तरी योग्य अनामत किती असावी, याचा अंदाज त्यावरून येतो.

कुलपामागील घरे

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. घर शोधणारे वणवण फिरत असताना शेकडो घरांना कुलूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. एकट्या मुंबईत ही संख्या जवळपास ४ लाख ८० हजार होती. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नोंदविले आहे, की भारतीय शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. घरे वाढली, पण भाड्याची घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत.

याचे मूळ मुंबईच्या इतिहासात आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात मुंबई हे भाडेकरूंचेच शहर होते. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या. २०७ इमारती आणि १६० चौरस फुटांच्या खोल्या असे त्यांचे स्वरूप. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुसंख्य जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत सामान्य माणसाला तो मोठा आधार होता. परंतु महागाई वाढत गेली, भाडे जागीच राहिले आणि त्या भाड्यातून जिन्याची दुरुस्तीही होईना. इमारती मोडकळीस आल्या. पुढे ‘लिव्ह अँड लायसन्स’ने राहणाऱ्यांपैकी ज्यांचा ताबा १ फेब्रुवारी १९७३ रोजी होता, त्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ‘एकदा घर दिले, की ते गेले’ ही भीती मालकांच्या मनात तेव्हा खोल रुजली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या गोठविलेल्या भाड्यांची व्यवस्था काळाशी विसंगत झाल्याचे सांगितले आणि त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला.

नव्या कायद्याने ती भीती बऱ्याच अंशी दूर केली. नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर कलम २४ अन्वये मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि तोपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मिळवू शकतो. कायदा बदलून पंचवीस वर्षे लोटली. आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी मात्र नातवाच्या घराला अजून कुलूप लावून ठेवतात.

शासनाने स्वतः भाड्याची घरे बांधून पाहिली, तेही पनवेलमध्येच. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. खोलीचा आकार पुन्हा १६० चौरस फूटच! या योजनेतून पनवेल तालुक्यातील कोन येथे उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु त्या भाड्याने गेल्याच नाहीत. दोन खोल्या जोडून केलेली २,४१७ घरे २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मालकी हक्काने देण्यात आली. कामगारांना हक्काचे घर मिळाले हे योग्यच झाले. त्यांना प्रत्यक्ष ताबा मिळण्यासाठीही अनेक वर्षे वाट पाहावी लागली. परंतु भाड्याने राहू इच्छिणाऱ्या नवागतासाठी बांधलेली घरे त्याच्या वाट्याला आली नाहीत. २०२० पासून केंद्राची परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजनाही आहे. तिची फळे सर्वत्र पोहोचण्यास मात्र काळ लागेल. तोपर्यंत नवागताचा आधार एकच : ज्यांच्याकडे दुसरे, तिसरे घर आहे, अशी सामान्य कुटुंबे.

मालकाच्या ओट्यावरून

या वर्गात व्यापारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, हे मान्य करावे लागेल. विमानतळाच्या आशेने नवीन पनवेल, सुकापूर ते नेऱ्यापर्यंत गुंतवणूक म्हणून घरे घेतली गेली. भाव वाढण्याची वाट पाहत ती बंद आहेत. बंद घराला खर्च नाही, असा समज असतो. परंतु घरपट्टी आणि देखभाल शुल्क चालूच राहते. कोकणातील चार पावसाळे बंद राहिलेल्या घरात ओल, बुरशी आणि वाळवी यांचा खर्च वेगळा. आयकराच्या नियमानुसार स्वतःच्या वापरातील म्हणून दोनच घरांना सवलत मिळते. तिसरे घर बंद असले, तरी त्याचे कल्पित भाडे उत्पन्नात धरले जाते. प्रत्यक्ष मिळालेल्या भाड्यावर मात्र पालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा कर वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते. गृहनिर्माण संस्थेत घर भाड्याने दिल्याबद्दल घेतले जाणारे बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. भांडवल पडून ठेवणे व्यापाऱ्याला दुकानात रुचत नाही. मग घरातच ते का रुचावे?

अटींचाही विचार व्हावा. घरात मांसाहार शिजवू नये, अशी इच्छा जैन मालकाची असणे स्वाभाविक आहे. ती प्रथम भेटीतच स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगावी, करारात लिहावी. ज्याला ती मान्य असेल तो राहील, नसेल तो दुसरीकडे जाईल. परंतु आहाराची अट ही आचाराची अट आहे. ती पाळण्यास तयार असलेल्याला केवळ आडनाव, जात किंवा प्रांत ऐकून दारातून परत पाठविणे, ही निराळी गोष्ट झाली. ज्या शहरात आपला मुलगा ‘अविवाहितांना घर देत नाही’ हे उत्तर दहा दारांवर ऐकून खिन्न होतो, त्याच शहरात आपल्या दारावरून कोणी तसेच परत जात असेल, तर त्याची वेदना आपल्याला कळावयास हवी.

पूर्वसुरींनी घातलेला पायंडा

मुंबईत नवागताला प्रथम छप्पर हवे, हे समाजातील धुरिणांनी शतकापूर्वीच ओळखले होते. सुरतहून आलेल्या कुटुंबात वाढलेले सेठ माणेकचंद हिराचंद (१८५१–१९१४) मोत्यांच्या व्यापारात नावारूपाला आले आणि त्यांनी आपले धन जागोजागी जैन बोर्डिंग उभारण्यात लावले. मुंबईच्या सी. पी. टँक परिसरातील हिराबाग धर्मशाळा त्यांचीच देणगी. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना निवास आणि शिक्षण दोन्ही दिले. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबातून आलेले भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पुढे त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणणारी वसतिगृहे चालविली. निवारा मिळाला, तरच माणूस शिकतो आणि कमावतो, हे त्यांनी स्वानुभवातून जाणले होते.

आज नव्या इमारती बांधण्यासाठी माणेकचंदांइतके धन प्रत्येकाकडे नसेल. परंतु बांधलेल्या घरांची कुलुपे उघडण्यास धन लागत नाही. पनवेल परिसरातील संघ आणि मंडळे एक साधी नोंदवही ठेवू शकतात : कोणाचे घर रिकामे आहे, किती भाड्याला आणि कोणत्या अटींवर ते देण्याची तयारी आहे. गावाकडून येणाऱ्या तरुणाच्या वर्तनाची हमी त्याच्या गावातील दोन जाणत्या व्यक्तींनी लेखी द्यावी. मालकाला दलालाच्या शब्दापेक्षा ती अधिक विश्वसनीय वाटेल आणि तरुणालाही त्या हमीची लाज राखावी लागेल. भाडे बाजारभावाप्रमाणेच घ्यावे, त्यात संकोच नाही. अनामत मात्र दोन महिन्यांहून अधिक मागू नये आणि करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नये. साधर्मिक वात्सल्य केवळ स्वामिवात्सल्याच्या पंक्तीपुरते मर्यादित नाही. परक्या शहरातील पहिल्या महिन्यात राहण्यास नीट जागा मिळवून देणे, हाही त्याचाच एक प्रकार आहे.

नेऱ्याच्या रस्त्यावर पुढील काही वर्षांत आणखी इमारती उभ्या राहतील. भाडीही वाढतील आणि स्वस्त घर कदाचित आणखी एखादे गाव पुढे सरकेल. ते सरकणे थांबविणे कोणा एका कुटुंबाच्या हाती नाही. घर शोधणाऱ्याने अंतर, पाणी आणि कागद या तीन गोष्टी भाड्याच्या आकड्याइतक्याच काळजीने तपासाव्यात. ज्याच्याजवळ घर आहे, त्याने या पावसाळ्यापूर्वी एकदा कुलूप काढून खिडक्या उघडाव्यात आणि त्या घराची वर्षाची खर्चवही मांडून पाहावी. पुढचा निर्णय ती वहीच सुचवील.